भूलोकमल्लाची चूल

इडली कुणाची, डोसा कुणाचा, यावर हल्ली टीव्हीवर आणि मोबाइलवर मोठे वाद रंगतात. त्या वादात एक नाव हमखास निघतं ते राजा सोमेश्वराचं. जवळजवळ नऊशे वर्षांपूर्वी त्यानं आपल्या संस्कृत ग्रंथात या पदार्थांची नोंद करून ठेवली, म्हणून. मैत्रिणींनो, हा राजा कुठला म्हणाल, तर आपल्या शेजारचाच! कळंबहून निघा, धाराशिव, तुळजापूर, उमरगा करत कर्नाटकाची सीमा ओलांडा, की बसवकल्याण लागतं. तेच त्याचं कल्याणी, चालुक्यांची राजधानी. तेव्हा सीमा कुठली नि राज्य कुठलं, आपला हा सगळा मांजरा-तेरणेचा मुलूख त्याच राज्यात होता. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या देवळांना आपण सरसकट हेमाडपंती म्हणून मोकळे होतो. पण हेमाडपंत तेराव्या शतकातले, यादवांचे प्रधान. त्यातली बरीच देवळं त्यांच्या आधीची, या कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली आहेत.

इडलीबद्दल सगळे बोलतात. पण त्याच ग्रंथात, त्याच प्रकरणात, राजानं डुकराचं मांस कसं साफ करायचं आणि निखाऱ्यावर कसं भाजायचं हेही तितक्याच आस्थेनं लिहिलंय. त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणून आज त्याची गोष्ट.

सोमेश्वराचे वडील विक्रमादित्य सहावे. 1076 मध्ये गादीवर आले आणि थेट पन्नास वर्षं राज्य केलं. आपल्या नावाचा शकच सुरू केला त्यांनी. दरबार म्हणजे विद्वानांचं माहेरघर. बिल्हण नावाचा कवी पार काश्मीरहून आला, इथेच राहिला आणि त्यानं राजाचं चरित्र काव्यात लिहिलं. विज्ञानेश्वर पंडितांनी ‘मिताक्षरा’ लिहिली तीही याच कल्याणीत. मिताक्षरा हे नाव आपल्यापैकी अनेकींनी तहसीलच्या नाहीतर वकिलाच्या पायऱ्या चढताना ऐकलेलं असतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलाला जन्मतःच वाटा आणि मुलीला नाही, हा नियम कायद्यात आला तो त्या ग्रंथाच्या आधारानं. तो बदलायला आपल्या राज्यात 1994 साल उजाडलं आणि देशभर 2005. म्हणजे कल्याणीत बसून कुणीतरी लिहिलेलं आठ-नऊशे वर्षं आपल्या सातबाऱ्यावर बसून होतं. असो. तो वेगळा विषय आहे.

तर अशा घरात सोमेश्वर वाढला. पुस्तकं, पंडित, हत्ती, शिकार, गाणं, सगळं अवतीभवती. वडील पन्नास वर्षं गादीवर म्हटल्यावर याला वाटही बरीच पाहावी लागली असणार. वाट पाहणारे राजपुत्र पुष्कळदा बंड करतात. याच्याबद्दल तसं काही सांगितलं जात नाही. यानं बहुधा पाहिलं, चाखलं, ऐकलं आणि सगळं मनात साठवून ठेवलं. 1126 च्या सुमारास वडील गेले आणि हा राजा झाला. तिसरा सोमेश्वर. बिरुदं दोन, एक भूलोकमल्ल आणि दुसरं सर्वज्ञ. पहिलं बिरुद पैलवानाचं, दुसरं पंडिताचं. खरं ठरलं ते दुसरंच.

कारण युद्धाच्या आघाडीवर याची कामगिरी बेताचीच म्हणावी लागेल. दक्षिणेत होयसळांचा विष्णुवर्धन डोकं वर काढत होता, एकेक मांडलिक आपापला विचार करू लागला होता. वडिलांच्या दराऱ्यावर उभं राहिलेलं राज्य मुलाच्या काळात लगेच कोसळलं नाही, पण आतून सैल पडायला सुरुवात झाली. इतिहासकार याबद्दल त्याला फारसे गुण देत नाहीत. आपण बायका मात्र त्याला थोडे जास्त गुण द्यायला हरकत नाही. राज्यावर येऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच, 1129 मध्ये, त्यानं एक ग्रंथ पुरा केला, ‘मानसोल्लास’. त्यालाच ‘अभिलषितार्थचिंतामणी’ असंही नाव आहे. वडिलांचं चरित्रही त्यानं लिहायला घेतलं होतं, ‘विक्रमांकाभ्युदय’ नावाचं. ते आज अपुरंच मिळतं. पण त्याचं नाव राहिलं ते ‘मानसोल्लासा’मुळे.

पाच भाग, प्रत्येक भागात वीस प्रकरणं, म्हणजे शंभर प्रकरणांचा हा ग्रंथ. राज्य मिळवावं कसं, टिकवावं कसं, मग उपभोग, मग करमणूक आणि शेवटी खेळ. हत्तीची निगा, औषधं, चित्रकला, रत्नांची पारख, स्नान कसं करावं, विडा कसा लावावा, कोणत्या माशाला कोणतं आमिष लावावं… राजाला शिकवायचं म्हणून लिहायला बसला आणि सगळं जगच लिहून बसला!

एक गोष्ट खटकते, ती सांगितलीच पाहिजे. उपभोगाच्या यादीत घर, अंथरूण, अन्न, वस्त्र यांच्या रांगेत त्यानं स्त्रियांनाही बसवलंय. राजे लोकांची नजर तशीच. पण याच माणसाला त्याच ग्रंथात दुसरी एक बाईही दिसली. गाण्याबद्दल लिहिताना त्यानं नोंदवलं, की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. एवढीच नोंद आहे, पण केवढी मोलाची! ज्ञानेश्वरी 1290 ची. तिच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधी, मुसळाचा घाव घालता घालता आपल्या कुणा पणजीच्या पणजीनं म्हटलेली ओवी एका राजाच्या कानावर पडली आणि त्यानं ती लिहिण्याजोगी मानली. मराठीतल्या काही ओळीही या ग्रंथात सापडतात, म्हणून मराठी भाषेचा इतिहास लिहिणाऱ्यांना त्याचं दार ठोठवावंच लागतं. दरबार कानडी, ग्रंथ संस्कृत आणि गाणं आपलं.

आता स्वयंपाकघरात येऊ. तिसऱ्या भागात अन्नभोग नावाचं प्रकरण आहे. त्यात मांडे आहेत, पुऱ्या आहेत, वडे आहेत, पापड आहेत, श्रीखंडाची आजी शोभेल अशी शिखरिणी आहे. इडलीसारखा जो पदार्थ आहे तो नुसत्या उडदाचा, आजच्यासारखा तांदूळ घालून, आंबवून वाफवलेला नाही. त्याला मिरी, जिरं, हिंग असा मसाला. हिंग पाण्यात कालवून ते पाणी वापरायची पद्धत होती. तिखटाचं काम मिरी, आलं आणि मोहरीवर भागायचं, कारण मिरची आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या जहाजातून, सोळाव्या शतकात. टोमॅटो, बटाटा तर नंतरच. म्हणजे आपल्या आजच्या फोडणीतलं निम्मं साहित्य त्या घरात नव्हतं, आणि तरी ताट भरलेलं होतं!

मांसाहाराचा भाग तर वाचण्यासारखा. बकऱ्याचं मांस डाळी घालून शिजवलेलं. तुकड्यांना भोकं पाडून त्यात मसाला भरायचा, ते सळईवर ओवायचे नि भाजायचे, आजचा कबाबच म्हणा ना. मासे आहेत, खेकडे आहेत, कासव आहे. नदीकाठच्या शेतातले काळे उंदीरसुद्धा आहेत, त्यांची शेपटी धरून गरम तेलात बुडवून केस काढायचे वगैरे. नाक मुरडू नका. राजा ते खात होता आणि लपवत नव्हता.

त्यात हे डुकराचं मांस. पहिला प्रश्न केसांचा. राठ केस, चिवट. त्यावर त्यानं दोन उपाय दिलेत. एक तर अंगावर कढत पाणी ओतायचं, मुळं सैल झाली की केस उपटून काढायचे. नाहीतर अंगाला चिखल लिंपून वर गवत पेटवायचं, म्हणजे चिखलाबरोबर केसही जातात. मग स्वच्छ धुवायचं आणि निखाऱ्यावर भाजायचं, उलटंपालटं करत, चरबी वितळून कातडी खरपूस होईपर्यंत. अशा भाजलेल्या मांसाला त्यानं नाव दिलंय सुंठक. पातळ पट्ट्या कापून केलेला प्रकारही आहे. ज्यांच्या घरी हे रांधतात त्या हे वाचून म्हणतील, यात नवल काय? आमच्याकडे अजूनही असंच करतात. हो ना, नवल तेच आहे. नऊशे वर्षांत पद्धत बदलली नाही, फक्त तिची जागा बदलली. राजवाड्यातल्या मुदपाकखान्यातून ती गावकुसाबाहेर गेली.

असं का झालं, याची कारणं एक नाहीत. जैन, लिंगायत, वारकरी या परंपरांनी मांसच नको म्हटलं. मुसलमानांना डुक्कर निषिद्ध. राजाच्या ताटातलं डुक्कर होतं रानातलं, गावातलं मात्र उकिरड्यावर फिरणारं, त्यामुळे किळस त्याच्या वाट्याला आली. आणि शेवटी जातीची उतरंड. जे खाणं खालच्या मानलेल्या माणसाच्या घरात उरलं, ते खाणंच खालचं ठरलं. मग त्या घरातल्या बाईनं काय करायचं? बाजाराच्या दिवशी पिशवीवर पिशवी घालून आणायचं. मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात शिजवायचं. शेजारीण डोकावली तर झाकण सारायचं. मटण केलंय म्हणायचं आणि कसलं ते सांगायचं नाही. मुलांना बजावायचं, शाळेत बोलू नका. चवीनं खायचं आणि चोरून खायचं. पाककृतींची पुस्तकं दुकानात पुष्कळ होती, पण त्यात तिचं पातेलं नव्हतं. आपल्याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी 2015 मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरातलं खाणं पहिल्यांदा इतक्या तपशिलानं कागदावर आणलं. एका राजानं लिहिल्यानंतर पुढे इतकी शतकं जावी लागली.

सोमेश्वर 1138 च्या सुमारास गेला. राज्य केलं जेमतेम बारा वर्षं. वडिलांची पन्नास आणि याची बारा. त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांतच त्यांचा मांडलिक कलचुरी बिज्जळ यानं कल्याणीची गादी बळकावली. आणि त्याच बिज्जळाच्या कारभारात, त्याच गावात, महात्मा बसवेश्वरांनी जातीपातीला नकार देणारी माणसं गोळा केली. ब्राह्मणाची मुलगी आणि चर्मकाराचा मुलगा यांचं लग्न तिथे लागलं, त्यातून 1167 च्या सुमारास रक्तपात झाला, शरण देशोधडीला लागले, बिज्जळही मारला गेला. ज्या गावात राजानं शंभर सुखांची यादी केली, तिथेच चाळीस वर्षांच्या आत कुणी कुणाच्या घरात लग्न करावं यावरून माणसं मारली गेली. बाराव्या शतकाच्या अखेरीस चालुक्यांचं राज्य संपलं आणि आपल्याकडे देवगिरीच्या यादवांचा अंमल आला.

ग्रंथ मात्र पोथ्यांमधून जगला. बडोद्याच्या गायकवाडांच्या ग्रंथमालेत तो छापला गेला, ग. का. श्रीगोंदेकरांनी संपादन केलं. पहिला भाग 1925 मध्ये, दुसरा 1939 मध्ये आणि तिसरा थेट 1961 मध्ये. एका राजाचं पुस्तक छापून पुरं व्हायलाच छत्तीस वर्षं गेली! त्याच्या स्वयंपाकघरात प्रत्यक्ष निखारे फुंकणारे, वाटण वाटणारे हात कुणाचे होते, त्यांची नावं मात्र आपल्यापर्यंत आलेली नाहीत.

आता घरी करून पाहायचं असेल तर. राजाची कृती जशीच्या तशी करायला जाऊ नका. रानडुकराची विनापरवाना शिकार हा 1972 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आणि गटारीकाठी फिरणाऱ्या डुकराचं मांस स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. नीट पाळलेल्या, खाद्य घालून वाढवलेल्या जनावराचंच मांस खात्रीच्या माणसाकडून घ्या. कच्चट राहिलेल्या मांसातून पोटात पट्टकृमी होतो. त्याची अंडी अस्वच्छ हातांतून, न धुतलेल्या भाजीतून पोटात गेली तर त्यांतून निघालेल्या अळ्या मेंदूपर्यंत पोचतात आणि फिट्स येऊ शकतात. म्हणून मांस आतपर्यंत शिजलंच पाहिजे, आणि कच्च्या मांसाची सुरी, पाट, हात लगेच साबणानं धुवायचे.

पाठीलगतचे, बरगडीच्या हाडासकट कापलेले तुकडे मागा. शहरात त्यांना चॉप्स म्हणतात. बोटाच्या पेराएवढे जाड, चार तुकडे. मीठ, हळद, भरडलेली मिरी, आलं-लसणाचं वाटण आणि दोन चमचे दही चोळून दोन-तीन तास झाकून ठेवा, उन्हाळा असेल तर फ्रिजमध्ये. कडेच्या चरबीला सुरीनं दोन-तीन चिरा द्या, नाहीतर भाजताना तुकडा वाकतो.

गोडाचा लेप राजाचा नव्हे, आपला. वसईकडच्या ख्रिस्ती घरांत आणि गोव्यात डुकराच्या मांसाला व्हिनेगर नि किंचित साखर लावतात, चिनी लोक मध लावून भाजतात, अमेरिकेत ब्राऊन शुगर. आपल्या उसाच्या भागात काकवी असताना साखर कशाला? गुऱ्हाळावरून आणलेली अर्धी वाटी काकवी घ्या. काकवी नसेल तर तेवढाच गूळ थोड्या पाण्यात विरघळवून गाळून घ्या. त्यात दोन चमचे चिंचेचा घट्ट कोळ, चमचाभर फेसलेली मोहरी, किसलेलं आलं, मिरी, चिमूटभर मीठ आणि हिंगाचं पाणी. मिरची नाही घातली तरी चालतं, मोहरी पुरेशी झणझणते. मंद आचेवर आटवा. पळीला पाठीमागून चिकटून राहिलं की उतरवा, थंड झाल्यावर आणखी घट्ट होतं.

जाड बुडाचा तवा किंवा बिडाची कढई तापवा, अगदी थोडं तेल. मांसाला स्वतःची चरबी असते. तुकडे ठेवून दोन्ही बाजू मोठ्या आचेवर तांबूस करा, मग आच कमी करून झाकण ठेवा. दहा-बारा मिनिटं, मध्ये एकदा उलटा. हाडाजवळ सुरी टोचून पाहा, लालसर पाणी आलं तर अजून वेळ द्या. लेप पहिल्यापासून लावू नका. गूळ आधी करपतो, कडवट होतो आणि मांस आत कच्चंच राहतं. पूर्ण शिजल्यावर झाकण काढा, वरच्या बाजूला लेप लावा, उलटा, दुसऱ्या बाजूला लावा, पुन्हा उलटा. असं तीन-चार वेळा, शेवटच्या पाच मिनिटांत. तुकडा चकाकू लागतो, कडा काळपट तांबूस होतात. शेतावर निखारे असतील तर हे शेवटचं काम निखाऱ्यावर करा, तिथे तर वासच वेगळा येतो.

उतरवून पाच मिनिटं तसंच राहू द्या, रस आत मुरतो. सोबत ज्वारीची गरम भाकरी आणि कच्चा कांदा. ज्यांच्या घरी डुक्कर चालत नाही त्यांनी हाच लेप कोंबडीच्या तंगडीला लावावा, शाकाहारी असाल तर उकडून परतलेल्या सुरणाच्या कापांना. सुरणाला चिंच थोडी जास्त घाला.